माळावरचे नऊ झेंडे

सन २०२५. एप्रिल महिना. त्या महिन्यात गोल्फच्या दुनियेत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. तिकडं अमेरिकेत एका आयरिश गड्यानं मास्टर्स स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारा, चौदा वर्षं हुलकावणी देणारा हिरवा कोट अखेर अंगात घातला, आणि इकडं तीर्थपुरीच्या शिवारात नऊ गड्ड्यांचं गोल्फचं मैदान तयार झालं. पहिली बातमी जगभर छापून आली. दुसरी कोणीच छापली नाही, म्हणून मलाच लिहावी लागते आहे. ते मैदान मी तयार केलं होतं! बाहत्तराव्या वर्षी, एक पहार, एक घमेलं आणि सुनेचा जुना लाल परकर एवढ्या सामानावर!

तुम्ही म्हणाल, मेंढरांमागं वाढलेली बाई, तिला गोल्फ कुठून ठाऊक? अहो, हा खेळ काढलाच मेंढपाळांनी, असं सांगतात. मेंढरं चरायला सोडायची आणि हातातल्या काठीनं खडे बिळात घालायचे. आमच्या आजोबांनी जन्मभर दुसरं काय केलं? फक्त त्यांना कोणी कोट दिला नाही.

लग्नानंतर आम्ही पोटासाठी पुण्याला गेलो. एका गोल्फ क्लबात आमच्या मालकांना गवत कापायचं काम लागलं आणि मला बायकांच्या खोलीत टॉवेल द्यायचं. तिथं एक ब्रिगेडियरीणबाई यायच्या. त्यांना जोडीला कोणी नसलं की म्हणायच्या, "जयवंता, घे काठी!" मी लुगड्याचा काष्टा घट्ट खोवून पहिला फटका मारला, तो चेंडू थेट क्लबाच्या भटारखान्यात गेला आणि मागून खानसामा बाहेर आला, कपाळ धरून. पण हातात त्या काठीची जी थरथर आली ना, ती मला अजून आठवते. बाई बदली होऊन गेल्या तेव्हा आपली जुनी पिशवी काठ्यांसकट मला देऊन गेल्या. पुढं आम्ही गावी परतलो, मालक गेले, माझ्यापाशी पिशवी राहिली.

तेव्हापासून मी गोल्फची एकही बातमी सोडत नाही. सध्या चर्चा अशी आहे की चेंडू फार लांब जायला लागलेत, म्हणून साहेबलोक नियम करून चेंडूच मंद करणार. माझी काही हरकत नाही. माझा चेंडू कोणत्याही नियमाशिवाय मंदच जातो! काठ्यांना म्हणे आता कार्बनचं तोंड आलंय. माझ्या मोठ्या काठीचं तोंड लाकडाचं आहे आणि ते सुतळीनं बांधलेलं आहे. नवी वस्तू माझ्याकडं एकच : अंतर मोजायची दुर्बीण. डोळ्याला लावायची, झेंड्यावर रोखायची, बटण दाबलं की आत आकडा दिसतो. पुढचा सगळा घोळ या दुर्बिणीनं केला.

तर झालं असं. माझ्या नावावर पाच एकर मुरमाड माळ आहे. माझा मुलगा रामेश्वर कुंभार पिंपळगावात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. पाडव्यापासून त्याच्या डोक्यात मोसंबीनं घर केलं होतं.

"आई, माळ नुसता पडून हाय. आत्ता खड्डे खांदून उन्हात तापवले म्हंजे पावसाळ्यात बराबर लागवड होती."

"पडून कुठं हाय? मी खेळते ना त्याच्यावर."

"पाच एकरात तू एकटी? अन् एक चेंडू?"

"दोन हायेत चेंडू."

सून वर्षाराणी भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, मोसंबीला निदान फळ तरी येतं."

झालं! माझं डोकं फिरलं. मी तिथंच, चुलीसमोर, पैज लावली. येत्या रविवारी नऊ गड्डे चाळीस फटक्यांत पुरे केले, तर मी आहे तोवर माळाला कुदळ लागणार नाही. एक फटका जरी जास्त झाला, तर सोमवारी खुशाल खड्डे खांदा!

रामेश्वर हसला. "चाळीस? मागं तर पहिल्याच गड्ड्याला तू..."

"मागचं काढू नको!"

पंच म्हणून मी बेबीनंदा मॅडमला बोलावलं. या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातले निम्मे बाप्ये अजून त्यांना पाहिलं की हात मागं बांधतात. त्यांना खेळ माहीत नव्हता. मी नियमांचं पुस्तक दिलं. त्यांनी ते लाल पेन घेऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "ताई, यातले दोन नियम तुम्ही जन्मभर मोडत आल्या आहात."

असा पंच पाहिजे!

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी माळावर गेलो. पहारीनं गड्डे केले, त्यात रंगाचे रिकामे डबे पुरले, परकर फाडून नऊ झेंडे केले. मॅडमनी त्यांवर शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात एक ते नऊ आकडे घातले. मग त्या उन्हात टोपी घालून झेंडा धरून उभ्या राहायच्या आणि मी एक डोळा मिटून दुर्बिणीतून ओरडायची, "एकशे दहा! जरा डावीकडं! हां, तिथंच फक्की मारा!" की मॅडम पांढऱ्या फक्कीची रेघ ओढायच्या.

आता तुम्हीच सांगा, दुरून हे कसं दिसत असेल? मला तेव्हा सुचलं नाही. शेजारच्या वावरातून रामप्रसाद पाहत होता. त्याला मात्र सगळं एका नजरेत कळलं.

या रामप्रसादचं एक जुनं दुखणं आहे. मागं तिकडं जालन्याच्या बाजूनं मोठा रस्ता गेला, तेव्हा ज्यांच्या वावरात झाडं, बोअर आणि पत्र्याचं शेड होतं त्यांना मोबदला भरभरून मिळाला. त्याच्या साडूचं तर घर दुमजली झालं. तेव्हापासून रामप्रसाद रस्त्याची वाट पाहत बांधावर बसलेला असतो.

तो लगबगीनं आला. "काकू, काय मोजून राह्यल्या?"

"अंतर."

"रस्ता हाय का?"

"न्हाई रे बाबा. गोल्फ हाय. मी खेळणार हाय इथं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. दुर्बिणीकडं पाहिलं. फक्कीकडं पाहिलं. मग डोळा मारून हळूच म्हणाला, "बराबर हाय. सर्वेवाले कधी सांगत नसतात. बिलकुल बोलू नका. मी बी न्हाई बोलत."

आणि तो गावात जाऊन फक्त न बोलण्याची ताकीद देत फिरला! संध्याकाळपर्यंत ही ताकीद अख्ख्या तीर्थपुरीला मिळाली होती.

शनिवारी सकाळी मी माळावर गेले, तर शिवार ओळखू येईना! जिथं काल नुसती ढेकळं होती तिथं पत्र्याची शेडं उभी. करपत्या उन्हात लोक मोसंबीची रोपं लावत होते, हंड्यानं पाणी घालत होते. रामप्रसादच्या वावरात एक बोअरचा पाइप जमिनीतून वीतभर वर आला होता. काल तिथं पाइप नव्हता, गाडी आली नव्हती, खडखड ऐकू आली नव्हती. बोअर रात्रीतून कांद्यासारखी उगवली होती!

मी घरी आले, तर ओटीवर माणसं. एकीनं तुपाचा डबा आणलेला, दुसरीनं सांजोऱ्या. हरिओम म्हणून आमच्या भावकीतला एक जण आहे, तो एकदम पायाच पडला.

"काकू, सात नंबरचा झेंडा जरासा इकडं घ्या. माझ्या वावरातून गेला तर पोरीचं लगीन निघून जाईल."

"अरे, झेंडा माझ्या माळात हाय! तो गोल्फचा हाय!"

"आम्हाला समजतं काकू. तुम्ही सरकारच्या शपथेनं बांधलेल्या हायेत. पण आपलं माणूस म्हणून..."

त्याच्या मागून सगुणाबाई पुढं आल्या. त्यांची तऱ्हा उलटी. त्यांचं मळ्यातलं घर आणि वांग्याचे वाफे त्यांना जिवापाड. त्या कडाडल्या, "माझ्या वाफ्याला हात लागला तर याद राखा! आन् रस्ता असा वाकडातिकडा कामून घेतला? कोणाचं वावर वाचवलं?"

मी पिशवी आणली. काठ्या दाखवल्या. चेंडू दाखवला. ओटीवरच एक फटका मारून दाखवला, तो कोनाड्यातल्या दिव्याला लागला. तेव्हा रामप्रसाद कौतुकानं म्हणाला, "पाहा, केवढी तयारी करून घेतली म्हातारीकडून! याला म्हणतात सरकारी काम!"

खरं बोलून इतकं नुकसान माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी ठरवलं, बस्स. आता समजावणं नाही. खेळायचं.

रविवार उजाडला. मी पिशवी खांद्यावर टाकली. रामेश्वर अंबडला गेला होता. जाताना वर्षाराणीजवळ निरोप ठेवला होता, "तुम्ही सुरू करा, मी येतोच." मी आणि मॅडम माळावर पोचलो, तर माळावर एकही झेंडा नाही!

झेंडे गेले कुठं? दुर्बीण लावली. नऊ नंबरचा रामप्रसादच्या शेडापुढं. तीन नंबरचा नाल्यापलीकडं कोणाच्या तरी नव्या रोपांत. सात नंबरचा हरिओमच्या वावरात, अगदी मधोमध. पाच नंबर सगुणाबाईंच्या वाफ्यात. तो बहुधा त्यांच्या जावेनं नेऊन लावला होता. ज्याला रस्ता हवा त्यानं झेंडा ओढला होता, आणि ज्याला नको त्यानं शेजाऱ्याच्या वावरात रेटला होता. माझं मैदान अख्ख्या शिवारात पांगलं होतं!

"आज राहू द्यायचं का ताई?" मॅडमनी विचारलं.

"राहू द्यायचं? अन् उद्या खड्डे? बिलकुल न्हाई. झेंडा जिथं असेल तिथं खेळते!"

मॅडमनी पुस्तक चाळलं. "अशा अडचणीबद्दल यात काहीच नाही. तेव्हा पंचाचा निर्णय असा : गड्डा असेल तर चेंडू गड्ड्यात गेला पाहिजे. गड्डा नसेल तर चेंडू झेंड्याला लागला पाहिजे. चाळीस म्हणजे चाळीस."

मी बांधावरून पहिला फटका मारला आणि मागं पाहते, तर सारं गाव आलेलं! सगळे चेंडूकडं पाहत होते. त्यांची अशी समजूत झाली होती की चेंडू जिथून जाईल तिथून रस्ता पक्का.

मग जी वरात निघाली ती सांगते. पुढं मी, मागं मॅडम, त्यांच्या मागं गाव. चेंडू ज्याच्या वावरात पडे तो टाळ्या वाजवी. दुसऱ्या झेंड्याजवळ एकानं चेंडू गुपचूप उचलून आपल्या विहिरीच्या काठावर नेऊन ठेवला. मॅडमनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं चेंडू परत आणला, जिथला तिथं ठेवला आणि सवयीनं कान धरले. हरिओमच्या वावरात माझा फटका इतका सुरेख बसला की चेंडू घरंगळत जाऊन सात नंबरच्या काठीला टेकला. हरिओमनं चेंडूपुढं नारळ फोडला!

अडकलं ते मधे, पाच नंबरला. चेंडू वाफ्यात पडला आणि सगुणाबाईंनी झटकन त्याच्यावर घमेलं पालथं घातलं, आणि घमेल्यावर स्वतः बसल्या.

"सगुणाबाई, उठा."

"जीव गेला तरी न्हाई उठणार! इथून रस्ता न्हाई!"

"अहो, मला फक्त एक फटका मारायचाय."

"मारा! मला मारा!"

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी शांतपणे पान उलटलं. "अडथळे दोन प्रकारचे असतात. हलवता येणारे आणि न हलवता येणारे. ताई, यांना हलवून बघा."

आम्ही दोघींनी जोर लावला. सगुणाबाई वाफ्यात रुतल्या होत्या.

"न हलवता येणारा अडथळा," मॅडमनी निर्णय दिला. "दंड न होता बाजूला दुसरा चेंडू टाकून खेळा."

म्हणून तर दोन चेंडू बाळगावे लागतात!

ऊन चढलं. माझ्या पायांत गोळे येत होते, पण हात चालत होते. आठ झेंडे झाले तेव्हा छत्तीस फटके झाले होते. शेडांच्या आडून कुठूनतरी जेसीबीची घरघर ऐकू येत होती. कोणाचं तरी शेततळं चाललं असेल, असं मला वाटलं. माझं सगळं ध्यान नवव्या झेंड्याकडं. तो रामप्रसादच्या वावरात होता, त्याच्या त्या बोअरला अगदी खेटून. बोअरवरूनच रस्ता जावा म्हणून त्यानं बरोबर मोजून रोवलेला!

सदतिसावा फटका नाल्यात गेला. अडतिसाव्यानं तो नाल्याबाहेर आला. एकोणचाळिसावा रोपांत अडकला. उरला एक. झेंडा पंधरा-वीस पावलांवर. मी डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, पुढच्या रविवारी माझ्या माळावर खड्डे दिसायला नकोत. आणि काठी मारली.

फटका वाकडा गेला! चेंडू शेडाच्या पत्र्यावर धाडकन आदळला, तिथून उडाला, जमिनीवर एक टप्पा घेतला, आणि टण्णकन बोअरच्या पाइपात!

मी उडी मारली. "गेला! गड्ड्यात गेला!"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "चेंडू झेंड्याला लागलेला नाही. आणि बोअर म्हणजे गड्डा नव्हे. बोअरमध्ये गेलेला चेंडू हरवला असं धरावं लागेल. रामप्रसाद, बोअर किती खोल?"

"तीनशे फूट, मॅडम!" रामप्रसाद छाती काढून म्हणाला. सगळं गाव ऐकत होतं ना!

"मग चेंडू हरवला. ताई, तुम्ही हरलात."

माझ्या डोळ्यांपुढं मोसंबीच्या रांगा आल्या. पण मी हटणारी बाई नाही. तीनशे फूट तर तीनशे फूट! मी गुडघ्यावर बसले, बांगड्या वर सारल्या आणि पाइपात हात घातला.

"काकू! काकू, विंचू असेल!" रामप्रसाद धावला.

हात कोपरापर्यंत गेला आणि बोटांना चेंडू लागला. मी तो वर काढून सगळ्यांना दाखवला. चेंडूबरोबर पाइपही हलला आणि कलून रामप्रसादच्या पायावर आडवा झाला.

हरिओम म्हणाला, "रामप्रसाद, तुझे तीनशे फूट लई जल्दी संपले!" अन् जो हशा उठला!

मॅडमनी वाकून त्या भोकात पाहिलं. "कोपराइतकं खोल. म्हणजे हा गड्डाच आहे. चेंडू गड्ड्यात गेलेला आहे. एकूण फटके चाळीस. ताई जिंकल्या!"

मी पदर खोचून नाचले. खरंच नाचले! ते पाहून गावाचे चेहरे एकेक करून उतरू लागले. रामप्रसाद पाय चोळत म्हणाला, "म्हंजे काकू... खरंच खेळत होत्या तुम्ही? सर्वेवाला असा नाचत नसतो..."

"दोन दिवस मी काय सांगून राह्यले तुम्हाला?"

"पण मंग माझा शेडाचा खर्चा?"

मी उत्तराला थांबले नाही. काठी खांद्यावर टाकली आणि मॅडमना घेऊन जिंकलेल्या राणीसारखी माझ्या माळाकडं निघाले. रामेश्वर येऊन थांबला असणार. त्याचा चेहरा मला पाहायचा होता.

रामेश्वर आलेला होता. त्याच्याजवळ जेसीबी होता. आणि माझ्या माळावर, या बांधापासून त्या बांधापर्यंत, ओळीनं खड्डे!

"रामेश्वर!"

"आई, आलीस? जल्दी जल्दी उरकलं पाहा. अंबडहून रोपांचा टेम्पो घेऊन आल्तो. वर्षाराणी उतरवून राह्यली."

"अरे, पैज! मी जिंकले! चाळीस!"

"जिंकलीस? वा! पण आता पैजेचं काय घेऊन बसलीस? रस्ताच चालला ना इथून! जमीन जायचीच हाय तर झाडं तरी लागू दे."

"रस्ता न्हाई! ते माझे झेंडे होते! तुला तर ठाऊक होतं, मी गोल्फ खेळते!"

"ठाऊक होतं ना. म्हणून आधी मी हसलोच. पण सकाळी मोटरसायकलवरून पाह्यलं तर झेंडे नाल्याच्या पार! हरिओमच्या वावरात, सगुणाबाईच्या मळ्यात! मी म्हटलं, आपल्या आईचा चेंडू एवढा लांब जाणं शक्यच न्हाई. म्हंजे हे झेंडे नक्की सरकारचे!"

मी मॅडमकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "तर्क चुकीचा नाही, ताई."

मी रामेश्वरला खड्डे बुजवायला लावणार होते. तो तयारही होता, मान खाली घालून. पण टेम्पोभर रोपं सावलीला ठेवलेली, मुळ्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. मला ती मरताना बघवेनात. पावसाळ्यात लागवड झाली.

पुढं कोणाचं काय झालं, तेही सांगते. रामप्रसादनं लाजेकाजेनं पाणी घालून रोपं जगवली. शेडात तो शेळ्या बांधतो आणि साडूला ते आधीपासून ठरलेलं होतं म्हणून सांगतो. सगुणाबाईंनी माझा चेंडू अजून परत दिलेला नाही. हरिओमच्या पोरीचं लग्न यंदा मेमध्ये रस्त्याशिवायच झालं, आणि वरातीत त्यानं मला सगळ्यात पुढं चालवलं. वर्षाराणीला माझी दुर्बीण फार आवडली. नवरा चौकात कोणाशी गप्पा मारतोय, ते ती माडीवरून पाहते आणि घरी आल्यावर त्याला अंतरासकट सांगते. बेबीनंदा मॅडम आता स्वतः खेळतात. एकही फटका लपवत नाहीत, त्यामुळं दर वेळी हरतात. रामेश्वरची झाडं माझ्या कमरेला लागली आहेत. पैज मी जिंकले होते, हे तो कधीही विचारलं तरी कबूल करतो. दोन रांगांच्या मधून मी खेळते, तेवढी वाट त्यानं ठेवली आहे.

आणि मी? गावात मला गोल्फवाली कोणीच म्हणत नाही. मी मोजणीवाली झाले आहे. कोणाचा बांध सरकला, कोणाचा पाट कोणाच्या हद्दीत आला, की लोक मला दुर्बिणीसकट घेऊन जातात. मी पण जाते. मोजून झालं की त्या वावरात चार फटके मारू द्यायचे, एवढीच माझी अट असते. कोणाचा बांध किती सरकला ते मी उभ्या उभ्या अचूक सांगते. माझा चेंडू कुठं गेला, ते मात्र आम्ही सगळे मिळून शोधतो.